बुद्धाच्या देशाची सून

सुनेला इंग्लंडातल्या एका हॉस्पिटलात नर्सची नोकरी चालून आली, तेव्हा सगळ्या गल्लीला आनंद झाला. मला तेवढा झाला नाही. पेढे मी वाटले, तोंड गोड केलं, पण मनात एकच गोष्ट घोळत होती. ती गेली की मागोमाग मुलगा जाणार, नात जाणार, आणि राहात्याच्या या दोन खोल्यांत मी आणि छताचा पंखा उरणार. अजून तिने होकार कळवला नव्हता. दिवाळीच्या आत कळवायचं होतं. मी "राहा" म्हटलं असतं तर ती राहिली असती, इतकी मला तिची खात्री होती. अडचण एवढीच होती, की "राहा" म्हणायला मला एक धड कारण सापडत नव्हतं. मला हवी आहेस, हे कारण होतं. पण ते माझं झालं, तिचं नव्हे.

माझी सून मिझोरामची. राहात्याजवळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ती नर्स म्हणून आली. तिथेच खालच्या मेडिकलमध्ये माझा मुलगा फार्मासिस्ट. पुढचं काय झालं ते सांगायला नको. लग्नाला आता आठ वर्षं झाली, नात पहिलीत आहे. सुनेचे डोळे बारीक, गाल वर आलेले, रंग आमच्या घरात कुणाचा नाही असा उजळ. मराठी ती वॉर्डात शिकली, पेशंटांकडून. म्हणजे अकोले तालुक्याच्या डोंगरातनं आणि नेवाशाच्या रानातनं आलेल्या म्हाताऱ्यांकडून. त्यामुळे "आहे" हा शब्द तिला येतच नाही, ती "हाय" म्हणते. "लई दुखतंय का आजी? जरा दम धरा की," असं ती बोलली, की डोळे मिटून पडलेल्या पेशंटला वाटतं आपल्याच भावकीतली कुणी बाई आहे. डोळे उघडले की पेशंट दचकतो.

गेली आठ वर्षं मी उत्तरं देते आहे. बाजारात, गिरणीत दळण टाकताना, लग्नाच्या मांडवात, दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या.

"कोन हो ही? नेपाळी का?"

नाही.

"मग चायना?"

नाही. मिझोराम.

"ते कुठं आलं?"

भारतात.

"अस्सं! वाटत न्हाई पन."

हे "वाटत न्हाई पन" ऐकून माझे कान किटले. पहिली एकदोन वर्षं मी उत्साहाने सांगायची, हाताने हवेत नकाशा काढून. मग चिडून सांगायला लागले. मग त्याचाही कंटाळा आला. एकदा पेरूच्या गाडीवर एकाने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "जपानची आहे. बुलेट ट्रेनचं काम बघायला आली होती, आम्ही ठेवून घेतली." त्याने मान डोलावली. पुढच्या बाजाराला तोच गृहस्थ मला गाठून विचारतो, बुलेट ट्रेन शिर्डीवरून जाणार का, कारण त्याची तिथे थोडी जमीन आहे. मस्करी करायची सोय राहिली नाही.

शिर्डी आमच्या हाकेच्या अंतरावर. तिथे गेलं की हारफुलंवाले माझ्याशी मराठी बोलतात आणि तिच्याशी इंग्रजी. "मॅडम, विच कंट्री?" ती म्हणते, "राहात्याची हाय मी. हार केवढ्याला?" की तो पोटभर हसतो आणि शेजारच्याला ओरडून सांगतो, "अरं, बाई मराठी लई भारी बोलती!" ते कौतुकच असतं, मला कळतं. पण माझ्या मराठीचं असं कौतुक कधी कुणी केलं नाही. घरच्या माणसाच्या बोलण्याचं कौतुक कोण करतो?

कोरोनाच्या वर्षी तर तिला नावच पडलं होतं. ती ड्यूटीवरून यायची तेव्हा कोपऱ्यावरची रिकामटेकडी मंडळी तोंडावर रुमाल धरून म्हणायची, "आली बघा चायनावाली." ही बाई दिवसभर प्लॅस्टिकच्या त्या झग्यात उभी राहून याच गावच्या लोकांना श्वास घ्यायला लावत होती. घरी आल्यावर ती न्हाणीत तासभर पाणी घेत बसायची. तेव्हा मी कोपऱ्यावर जाऊन भांडून आले. खूप बोलले. दुसऱ्या दिवशी ते लोक हळू आवाजात म्हणाले, एवढाच फरक पडला.

कुणाला वाटेल, या बाईला सुनेचा एवढा पुळका कशाचा. पुळका नाही. ओळखीचं दुखणं आहे.

मी लाल गाडीवर कंडक्टर होते, यंदा निवृत्त झाले. नोकरीची पहिली वर्षं आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जतकडच्या गाड्यांवर काढली. सकाळच्या गाडीला एक म्हातारे गृहस्थ नेमाने असायचे. मला "पोरी" म्हणायचे. गाडी चहाला थांबली की डबा उघडायचे आणि अर्धी भाकर, वर ठेच्याचा गोळा, माझ्यापुढे करायचे. कोरडवाहू भागातला माणूस, त्याची अर्धी भाकर म्हणजे काही थोडं नाही. एक दिवस त्यांचं लक्ष माझ्या छातीवरच्या नावाच्या पाटीकडे गेलं. आमचं आडनाव असं, की ते चार जातींत चालतं. म्हणून त्यांनी विचारलं, गाव कुठलं. मी सांगितलं. मग विचारलं, गावात घर कुठल्या अंगाला. तेही सांगितलं. "असं व्हय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा माझ्यासमोर उघडला नाही. वाईट शब्द एक बोलले नाहीत. तिकीट घेतलं, रामराम केला. फक्त भाकर बंद झाली.

तर विचारणं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. आमच्याकडे माणूस ओळखायला तीन प्रश्न पुरतात: आडनाव, गाव, घराची दिशा. माझ्या सुनेला तेवढेही लागत नाहीत. तिची पाटी तिच्या तोंडावरच आहे, लांबून वाचता येते. तेवढाच आमच्यात फरक.

आणि पाटी बदलली म्हणून सुटका होत नाही. छप्पन साली आमचं घर बौद्ध झालं तेव्हा माझे वडील शाळकरी पोर होते. ते म्हातारे होऊन गेले, मीही निवृत्त झाले, तरी कागदोपत्री आणि लोकांच्या तोंडी आम्ही "नवबौद्ध" ते नवबौद्धच. एवढ्या वर्षांत शेजाऱ्याची नवी मोटारसायकलसुद्धा जुनी होते. शेजारची चाची तर म्हणते, तुमचं बरं आहे. तिच्या घराण्याच्या किती पिढ्या इथल्या कबरस्तानात आहेत ते तिलाही सांगता येत नाही, तरी तिला अजून विचारतात, तुम्ही मूळचे कुठले?

पण खरी गंमत आमच्याच लोकांनी केली. म्हणजे विहारातल्या आमच्या महिला मंडळाने.

लग्नानंतरची पहिली बुद्धपौर्णिमा. वैशाखाचं ऊन, विहाराच्या पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं गरम, सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत. मी सुनेलाही माझी पांढरी साडी नेसवली आणि घेऊन गेले. ती ख्रिस्ती आहे, हे मला आणि घरातल्यांना माहीत होतं. बाहेर सांगत बसण्याचं कारण पडलं नव्हतं. ती आत आली मात्र, बायकांच्यात एकदम चुळबुळ झाली. आमच्या विहारातली बुद्धमूर्ती थायलंडहून दान आलेली आहे. सोनेरी, बारीक डोळ्यांची, वर आलेल्या गालांची. बायका एकदा मूर्तीकडे बघत होत्या, एकदा माझ्या सुनेकडे. मंडळाच्या अध्यक्षबाई, पंचायत समितीतून निवृत्त झालेल्या, भाषणाची आवड दांडगी. त्या उठल्या आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "भगिनींनो, बुद्धाच्या देशाची सून आपल्या राहात्यात आली आहे. आपण सगळे पुस्तकातून बौद्ध झालो. ही रक्ताची बौद्ध आहे. आजची वंदना तिच्या तोंडून ऐकू या."

मी काही बोलायच्या आत त्यांनी तिला पुढे नेलं, पहिल्या चटईवर बसवलं, समोर माईक धरला. सुनेने माझ्याकडे बघितलं. तिला तेव्हा मराठी जेमतेम येत होती. "प्रार्थना, प्रार्थना," असं अध्यक्षबाई म्हणत होत्या, तेवढं तिला समजलं असावं. तिने हात जोडले, डोळे मिटले, आणि आपल्या भाषेत, आपल्या गावच्या चर्चमधली प्रार्थना स्वच्छ आवाजात म्हटली. मी ती घरी जेवणाआधी रोज ऐकत होते, म्हणून मी ओळखली. बायका मात्र तल्लीन. शेवटी ती हळूच "आमेन" म्हणाली. त्याच क्षणी सगळ्या विहाराने "साधू! साधू! साधू!" असा गजर केला आणि ते आमेन त्यात बुडून गेलं.

अध्यक्षबाई मला मिठी मारून म्हणाल्या, "ताई, ही खरी पाली भाषा. आपण म्हणतो ती काहीच नाही."

मी सांगायला हवं होतं का? कुणाला सांगणार? माझ्या सुनेच्या त्या चेहऱ्याला गावाने पहिल्यांदा पुढची चटई दिली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी गप्प बसले, आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटत होतं.

मग ते लचांड वाढतच गेलं. कुणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ फिरला. नामकरण असो, गृहप्रवेश असो, "सूनबाईंना आणा, ती मोठी वंदना म्हणायला लावा." पुणतांब्यापासून लोक बोलवायला यायचे. सुरुवातीला सुनेलाही मजा वाटायची. "आई, मी त्यांच्या बाळासाठी देवाकडं मागतीच हाय की. काय वाईट हाय त्यात?" मला काही वाईट दिसलं नाही. पण वर्षं गेली तशी तिची मजा आटली. रात्रपाळी करून आलेली बाई, डोळे चुरचुरताहेत, आणि दारात चार बायका पांढऱ्या साड्या नेसून उभ्या. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली. रविवारी ती श्रीरामपूरच्या बाजूला चर्चला जायची, तर तिथे आमचेच मराठी ख्रिस्ती लोक तिला हिंदीत विचारायचे, सिस्टर, आप कौनसे देश से? म्हणजे विहारात ती घरची, पण दुसरीच कुणीतरी म्हणून. आणि चर्चमध्ये ती जी आहे ती, तर तिथे पाहुणी.

एकदा ती भांडी लावता लावता मला म्हणाली, "आई, मला मारत न्हाई कुनी, शिव्या देत न्हाई. नुसतं कटाळा आलाय. रोज कुनीतरी मला दुसरंच काहीतरी करून टाकतंय."

मी तिच्या हातातलं ताट घेतलं आणि पुसत बसले. दुसरं काय करणार.

इंग्लंडचं आलं तेव्हा सगळ्यांत खूश माझा मुलगा. तो म्हणाला, "आई, तिकडे ही भानगडच नाही. तिथे आपण सगळे एशियन. मी पण एशियन, ही पण एशियन, पोरगी पण एशियन. एकच शब्द. विषय संपला." त्याचं तोंड असं उजळलं होतं, की मला त्याची दया आली. लहानपणी शाळेतून आला की तो मला विचारायचा, आपण नक्की कोण? मी प्रत्येक वेळी वेगळं उत्तर द्यायची. त्या पोराला आता कुठे एक शब्द मिळाला होता.

मीही विचार करून बघितला. आशिया खंड आम्हाला भूगोलात होता. नकाशावर बाई छडी फिरवायच्या, तर या टोकापासून त्या टोकाला जाईपर्यंत पदर सावरावा लागायचा. त्यात अरबस्तान येतं, जपान येतं, मिझोराम येतं आणि आमचं राहाताही येतं. एवढ्या सगळ्यांना एकाच शब्दात बांधायचं म्हणजे बाजारातल्या सगळ्या मालाला "भाजी" म्हणण्यासारखं आहे. खोटं नाही. पण तेवढ्याने घरी काय न्यायचं ते समजत नाही. विहारातली ती मूर्तीच घ्या. बुद्ध आपल्या बाजूचा. त्याचा विचार इथून तिकडे गेला, तिकडच्यांनी त्याला आपल्यासारखं तोंड दिलं, आणि एवढ्या शतकांनी तो परत आला तो त्यांचा चेहरा घेऊन. आता आम्ही त्या चेहऱ्यालाच मूळ समजून हात जोडतो. खुद्द बुद्ध दारात उभा राहिला तर आम्ही त्याला विचारू, कुठले आपण?

मुलाचा एक मित्र तिकडे काही वर्षं आहे, शेवगावकडचा. एका रविवारी मुलाने त्याला व्हिडिओ कॉल लावला. आम्ही सगळे पलंगावर ओळीने बसलो. मुलाने मोठ्या उत्साहाने आपला एशियनचा सिद्धांत मांडला. तो मित्र हसायला लागला.

"तसं न्हाई रे बाबा. हितं एशियन म्हंजी आपल्यासारखी तोंडं. आपन, पाकिस्तानी, बंगाली. तुला एशियन म्हनतील. वहिनीला चायनीज म्हनतील."

मुलगा म्हणाला, "आणि पोरीला?"

"तिला मिक्स म्हनतील."

"मिक्स म्हणजे काय, भेळ?" मी विचारलं. तो फोनमध्ये खो खो हसला. इकडे पलंगावर कुणी हसलं नाही. पळसाला पाने तीनच, कुठेही जा. मुलाने फोन ठेवला आणि उगीच चार्जरची वायर गुंडाळत बसला.

मला मात्र त्या रात्री बरी झोप लागली. लाज वाटते सांगायला, पण आशा वाटली. तिकडेही तेच असेल तर कशाला जायचं? दुरून डोंगर साजरे. कारण सापडलं, असं मला वाटलं. मी योग्य वेळेची वाट बघत राहिले.

मग आश्विन पौर्णिमा आली. आमच्याकडे पावसाळ्याचे तीन महिने विहारात ग्रंथवाचन चालतं, त्याला वर्षावास म्हणतात. त्याची समाप्ती या पौर्णिमेला, खिरीचं जेवण करून. सून त्या दिवशी सुट्टीवर होती. "चला, जाऊन येऊ," ती स्वतः म्हणाली, याचं मला आश्चर्य वाटलं. नातीला फ्रॉक घातला आणि तिघी गेलो.

वाचन झालं. अध्यक्षबाई माईकसमोर आल्या. त्यांना इंग्लंडची बातमी लागली होतीच. "आपल्या सूनबाई," त्या म्हणाल्या, "लवकरच साहेबाच्या देशात धम्माचा प्रसार करायला निघाल्या आहेत. जाण्यापूर्वी त्यांच्या मधुर वाणीतून मूळ वंदना ऐकू या."

टाळ्या झाल्या. सून उठली. तिने माईक हातात घेतला, पण डोळे मिटले नाहीत.

"मी ख्रिश्चन हाय," ती म्हणाली. "पयल्यापासून. हितं मी जे म्हनत हुते ती आमच्या चर्चची प्रार्थना हुती. चांगली हाय ती. मी मनापासून म्हनत हुते. पन ती तुमची न्हाई, आन् मी बुद्धाच्या देशाची न्हाई. मी तुमच्याच देशाची हाय. हे कुनी इचारलंच न्हाई मला."

मागे खिरीचं पातेलं ढवळणारी बाईसुद्धा पळी धरून थांबली. आठ वर्षं झाकलेली मूठ तिने आपल्या हाताने उघडली होती आणि मी काही करू शकत नव्हते.

अध्यक्षबाई स्टेजवर मुरलेल्या. त्यांनी प्रसंग सावरला. हसून म्हणाल्या, "असू दे, असू दे. धर्म कुठलाही असो. चेहरा तर बुद्धाचाच आहे ना!"

सगळ्या बायका सुटल्यासारख्या हसल्या. कुणी टाळ्याही वाजवल्या. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. मीही हसले असते.

"न्हाई," सून म्हणाली. माईक अजून तिच्याच हातात होता. "ह्यो माझ्या आईचा चेहरा हाय."

हसणं थांबलं. सून माईक खाली ठेवायला वाकली, आणि पहिल्या चटईवर बसलेल्या म्हातारीने तिच्या साडीचा पदर धरला. ही आमच्या विहारातली सगळ्यांत जुनी बाई. गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, तिला समोरच्याचं तोंड तरी धड दिसतं की नाही कोण जाणे.

"कशी हाय गं तुझी आई?" म्हातारीने विचारलं.

सून तिथेच खाली बसली. मग सांगायला लागली. आई डोंगराच्या उतारावर राहते. घराला इतक्या पायऱ्या आहेत की पाहुणा वर येईपर्यंत चहा निवतो. कमरेला पट्टा बांधून हातमागावर लुगडी विणते. भांडखोर आहे. तिचेही गुडघे दुखतात, पण डॉक्टरकडे जात नाही, म्हणते, माझी पोरगी नर्स आहे, ती आल्यावर दाखवीन.

"मग तू जाती का बघायला?"

"लांब हाय, आजी. दोन वर्सं झाली."

"आई गं," म्हातारी म्हणाली, आणि तिच्या हातावरून हात फिरवत राहिली. "गुडघ्याला निरगुडीचा पाला बांध म्हनावं. तिकडं मिळतो का?"

माझी सून तिथे बसून रडली. मी आठ वर्षांत तिला असं रडताना बघितलं नव्हतं, कोरोनातही नाही. बाकीच्या बायका हळूहळू पत्रावळी मांडायला उठल्या. त्या दोघी खीर थंड होईपर्यंत बोलत होत्या.

परत येताना नात पुढे पळत होती. मी सुनेला विचारलं, "बरं वाटलं का?"

"लई बरं वाटलं, आई."

मग मला राहवलं नाही. योग्य वेळ, योग्य कारण, सगळं बाजूला राहिलं. "मग राहा ना गं," मी म्हणाले. "तिकडे तरी काय वेगळं आहे? तिकडेही तेच विचारणार. मला तुम्ही इथे पाहिजे आहात."

ती चालता चालता थांबली. रस्त्यावर वर्दळ होती, उसाचा एक ट्रॅक्टर आम्हाला बाजूला सारून गेला.

"आज एकीनं इचारलं, आई. तिला आठ वर्सं लागली. बाकीच्यास्नी किती लागतील?" मग पुढे पळणाऱ्या नातीकडे बघून म्हणाली, "हिला शाळेत आत्ता सुरू झालंय. चिंकी म्हनत्यात. काल मला इचारत हुती, मम्मी, आपन हितलं न्हाई का?"

"तिकडेही म्हणतील."

"म्हनतील. तिथं मी तिला सांगन, बाळा, आपन पावनी हाय, दुसऱ्याच्या घरी आलोय, जरा दम धर. ते खरं असंल. हितं काय सांगू?"

मला कंडक्टर म्हणून जन्मभर उत्तरं देण्याची सवय. गाडी का उशिरा, सुटे का नाहीत, हा थांबा का बंद झाला, कशालाही माझ्याकडे उत्तर असायचं. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला दिसत होतं की मी काहीतरी म्हणावं असं तिला वाटत होतं. एवढंसं काही मिळालं असतं तरी ती राहिली असती.

"कळव त्यांना," मी म्हणाले. "येते म्हणून कळव."

तिने माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. रात्री तिने मोबाईलवरून होकार पाठवला. मुलाने मला जवळ बसवून तिकीट, व्हिसा, थंडीचे कपडे असं काय काय समजावलं. मी हो हो म्हणत राहिले आणि त्यातलं काही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

दिवाळी झाली की ते जातील. मग मी बाजाराला एकटी जाईन. माझ्यासारख्या बाया इथे पैशाला पासरी. माझ्याकडे बघून कुणी थांबणार नाही, ही कोण, कुठली, कुणाची, काही म्हणजे काही विचारणार नाही. आठ वर्षं मी याच सुखासाठी तरसत होते. आता त्या शांततेची मला धास्ती बसली आहे.